तिच्या बापाचं नाव

शाळा उघडायला आठवडा राहिला होता. पहिलीत नाव घालायला मी तिला घेऊन गेलो, तेव्हा मोठ्या मॅडम व्हरांड्यात टेबल टाकून फॉर्म भरून घेत होत्या. मुलीचं नाव त्यांनी मला न विचारताच लिहिलं, गावात तिला सगळेच ओळखत होते. मग त्यांचा पेन थांबला.

“वडिलांच्या जागी तुमचंच नाव लिहू ना?”

ती माझ्या पायाशी बसून मुंगळ्यांच्या रांगेत काडी आडवी धरत होती. मी म्हटलं, “नाही मॅडम. तिचे वडील वेगळे होते.”

“होते ना? आता तर तुम्हीच आहात. कोण विचारायला येणार आहे? तुमचं नाव लावलं तर पोरीलाही सोपं जाईल.”

मी पुन्हा नाही म्हटलं. का म्हटलं, याचा मी तीन-चार वर्षं विचार करतो आहे. तेव्हा मात्र फार विचार केला नव्हता. एक माणूस मरून गेला होता, त्याची एकच खूण जमिनीवर उरली होती, आणि तिच्या कागदावरून त्याचं नाव मी पुसून टाकायचं हे मला बरं वाटलं नाही, एवढंच. मॅडमनी खांदे उडवले आणि म्हणाल्या, “मग जन्माचा दाखला आणा. दाखल्यावर जे असेल ते मी लिहिते.”

दाखला माझ्याकडे नव्हता.

मी राळेगाव तालुक्यातल्या एका गावात जनावरांच्या दवाखान्यात परिचर आहे. डॉक्टर टोचतात तेव्हा बैल धरायचा, औषधांची कपाटं लावायची, लसीकरणाला पेटी घेऊन गावोगाव फिरायचं. लहानपणच्या एका तापात माझा डावा पाय बारीक राहिला, त्यामुळे मी लंगडत चालतो. अडतीस वर्षांचा होईपर्यंत माझं लग्न झालं नाही. आई जिवंत होती तोवर तिनं बऱ्याच ठिकाणी शब्द टाकला. ती गेल्यावर तो विषय संपला असं मी धरून चाललो होतो.

मग एका नातेवाइकानं झरी जामणीकडच्या एका मुलीचं सांगितलं. तिचा नवरा मोटारसायकलवरून पडून वारला होता आणि पदरात दीड वर्षाची पोर होती. सासू-सासऱ्यांनी स्वतःच म्हटलं होतं की हिचं वय आहे, हिनं पुन्हा संसार करावा. विहारात वीस-पंचवीस माणसांसमोर आमचं लग्न झालं. वंदना चालली होती तेव्हा ती पोर दुडूदुडू चालत आली, माझ्या मांडीवर चढली आणि झोपून गेली. माझा चांगला पाय सुन्न झाला तरी मी हललो नाही. त्या दिवशी मी नवरा झालो की बाप, हे मला आजही नीट सांगता येत नाही.

बायकोला सिकलसेल हा रक्ताचा आजार होता. तिनं ते लपवलं नव्हतं. पहिल्याच भेटीत म्हणाली होती, “माह्या अंगात सिकल हाये. मधामधात लय दुखते. चालन का तुमाले?” मी म्हटलं, “मी तरी कुठं नीट चालतो?” ती हसली होती. दोन वर्षं आणि वर काही महिने आम्ही एकत्र राहिलो. एका हिवाळ्यात तिचा ताप उतरला नाही, अंग पिवळं पडलं, आणि यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात चौथ्या दिवशी दुपारी ती गेली. शेवटी बोलायची शुद्ध नव्हती. पोरीबद्दल तिला मला काही सांगायचं असेल तर ते राहूनच गेलं. पुढं जे झालं त्यात मला तिचा एक शब्द तरी हवा होता. कुठलाही चालला असता.

पोर तेव्हा चार वर्षांची होती. बायकोचे आईवडील आधीच वारले होते, एकुलता भाऊ तेलंगणात कामाला गेला तो तिकडचाच झाला. तेव्हा पोर माझ्याकडे राहील का, असं कुणी मला विचारलं नाही आणि मीही कुणाला विचारलं नाही. दिवस झाल्यावर पाहुणे गेले, दार लावलं, आणि आत आम्ही दोघं उरलो.

न्हाऊमाखू घालायला, वेणी घालायला आणि रात्रीच्या भाकरीला शेजारच्या वहिनी होत्या. बाकी सगळं आम्ही दोघं करायचो. अंगणवाडीत ती बसायची नाही. खिचडी खाऊन झाली की पळत दवाखान्यात यायची आणि पायरीवर बसायची. कुणी म्हैस आणली की आधी हिची चौकशी, “हिले काय झालं?” सुई बघून म्हैस बिचकली की ही पुढं होऊन म्हणायची, “घाबरू नको वं, थोडंसकच दुखते.” डॉक्टर तिला छोटी डॉक्टरीण म्हणत. जनावरांच्या कानातले पिवळे बिल्ले तिला फार आवडायचे. एकदा तिनं एक रिकामा बिल्ला दोऱ्यात ओवून गळ्यात घातला आणि आठवडाभर काढला नाही.

मला ती बाबा म्हणायची आणि अरे-तुरे करायची. “बाबा, तू आज भात कायले नाई केला?” असं. ते तिच्या आईनं शिकवलं होतं की तिचं तिनंच धरलं होतं, मला माहीत नाही.

तर दाखला. तो तिच्या जन्मगावच्या ग्रामपंचायतीतच मिळणार होता, म्हणजे झरी जामणी तालुक्यात, तिच्या बापाच्या गावी. मी एकटा जायला हवं होतं. पण पेरणीचे दिवस होते, वहिनी रोज शेतात जात होत्या, पोरीला ठेवायला घर नव्हतं. हे कारण खरं आहे. पण मला वाटतं, आजी-आजोबांनी तिला एकदा बघावं असंही मनात होतं. आपण किती नीट वाढवली आहे हे त्यांना दिसावं, अशी थोडी फुशारकीही असेल. मी तिला नवा फ्रॉक घातला होता.

पांढरकवड्याला गाडी बदलून आम्ही दुपारी त्या गावात पोचलो. ग्रामसेवकानं जुनं रजिस्टर काढलं, बोट फिरवत नोंद शोधली. मुलीचं नाव, आईचं नाव, बापाचं नाव आणि खाली खबर देणाऱ्याची सही, आजोबाची, वाकडीतिकडी. दाखला लिहून होईपर्यंत पंचायतीच्या शिपायानं घरी जाऊन सांगितलं होतं.

आजी धावत आली. धावत म्हणजे त्या वयाची बाई जशी धावेल तशी, एका हातात लुगड्याचा सोगा धरून. पंचायतीच्या फाटकाशी ती थांबली आणि पुढं येईना. पोर बाहेर हातपंपाशी पाणी प्यायली आणि माझ्याकडे चालत आली. आजी तिच्या चेहऱ्याकडे बघत होती, मग एकदम खाली पायांकडे बघायला लागली.

“हे लंगडते काहून?” आजीनं मला विचारलं. “हिचा पाय मोडलता काय?”

मी मागं वळून पोरीकडे बघितलं. ती डावा पाय ओढत, कमरेतून एक झोल देत येत होती, हुबेहूब माझ्यासारखी. मी इतके दिवस तिच्याबरोबर चाललो होतो, पण तिला चालताना कधी बघितलं नव्हतं. नंतर मी तिला यवतमाळला हाडांच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी दोन्ही पाय तपासले, फोटो काढला आणि हसून म्हणाले, “पाय ठणठणीत आहेत. तुमच्याबरोबर चालून चालून शिकली आहे.” त्या दिवशी मात्र मी आजीला नुसतंच म्हटलं, “नाही माय, पडली-बिडली नाही.”

त्यांनी आम्हाला घरी नेलं. वरण-भात होता, पाटवड्या केल्या, आमरस होता. भिंतीवर त्यांच्या मुलाचा फोटो होता, हार घातलेला. पंचविशीतला मुलगा, कपाळ रुंद, एक भुवई जराशी वर. पोरीची भुवई तशीच आहे. मी तिला तिच्या आईसारखी समजत आलो होतो.

जेवता जेवता तिनं विचारलं, “हे कोण हाये?”

आजी चुलीकडे तोंड करून बसली. मग मलाच बोलावं लागलं. मी म्हटलं, “ते तुझे बाबा.”

ती हसली, मी गंमत केली असं समजून. म्हणाली, “नाई. बाबा तर तू हाये.”

आजोबा ताटावरून उठले आणि हात न धुताच अंगणात गेले. निघताना त्यांनी पोरीच्या डोक्यावर हात ठेवला, पण माझ्याशी एकच वाक्य बोलले, “भाऊ, तुमी दाखल्यासाठी आले, हे लय मोठं काम केलं. दुसरा आला नसता.”

त्यांनी ते मनापासून म्हटलं होतं. मला ते येताना गाडीत चांगलंच वाटत होतं.

शाळेचा पहिला दिवस चांगला गेला. इतर पोरं रडत होती, ही रडली नाही. दप्तर पाठीला लावून आत गेली आणि पहिल्या ओळीत बसली. मी दवाखान्यात आलो आणि काम सुचेना. पायरीवर कुणी नव्हतं. एक गाय आणली होती, तिला धरून उभा राहिलो आणि डॉक्टर दोनदा म्हणाले, “अहो, धरा नीट.”

संध्याकाळी ती घरी आली ती तक्रार घेऊन. “बाबा, मॅडमनं माहं नावच नाई घेतलं. साऱ्याइचं घेतलं.”

दुसऱ्या दिवशी मी शाळेत जाऊन विचारलं. मॅडम म्हणाल्या, “घेतलं होतं ना. पूर्ण नाव घेतलं, तीन वेळा. ती बसूनच राहिली.”

तिला कळलंच नव्हतं की ते नाव तिचं आहे. तिचं नाव, मग तो अनोळखी बाप, मग ते अनोळखी आडनाव. ती मला म्हणाली, “थे तर दुसऱ्या पोरीचं होतं.”

मग मी तिला ते शिकवलं. रोज सकाळी शाळेच्या वाटेवर मी तिला पूर्ण नाव म्हणायला लावायचो. ती आधी माझं नाव घुसडायची, मी म्हणायचो, चूक. पाच-सहा दिवसांनी पाठ झालं. हजेरीला ती मोठ्यानं “हजर” म्हणायला लागली. माझ्या तोंडानं मी तिला दुसऱ्याचं नाव शिकवलं आणि ते तिला आलं म्हणून तिला एक बिस्किटाचा पुडा दिला.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा असतो, पोरं लाकडी बैल घेऊन मिरवतात. त्या सकाळी आजी-आजोबा पहिल्या गाडीनं आले. आजोबांनी सागाचा छोटा बैल करून आणला होता, चार चाकांचा, शिंगं पितळी तारेची. पोर दिवसभर तो ओढत गावात फिरली. आजी दारात बसून तिची चाल बघत राहिली. संध्याकाळच्या गाडीनं ते परत गेले. जाताना आजी म्हणाली, “दिवाळीत धाडता काय आठ दिवस?”

मी हो म्हटलं. नाही कसं म्हणणार? नातच होती त्यांची.

आठ दिवसांनी मी तिला आणायला गेलो. गाडीतून उतरलो तर ती समोरून पळत येताना दिसली. तिच्या दोन्ही पावलांचा आवाज सारखा पडत होता. कुठेही झोल नव्हता. घरात, अंगणात, विहिरीवर जाताना मी तिला बघत राहिलो. शाळेच्या मॅडमनी चार महिने प्रयत्न केला होता, खडूच्या रेघेवरून चालवलं होतं. मी स्वतः तिच्या मागून चालून बघितलं होतं, मी तिला दिसू नये म्हणून. तिथं काही न करता आठ दिवसांत तिची लंगडी चाल सुटली होती. फक्त मी बाजूला नव्हतो.

परत येताना पांढरकवड्याच्या स्टँडवर आम्ही या गाडीतून त्या गाडीकडे चाललो. वीसेक पावलं ती सरळ चालली. मग माझ्याकडे बघितलं, माझं बोट धरलं, आणि तिचा डावा पाय पुन्हा ओढायला लागला.

त्यानंतर महिन्याभरात आजोबा एकटेच आले. कापसाची वेचणी चालली होती, त्यांच्या सदऱ्याच्या बाह्यांना बोंडांचा सुका कचरा लागला होता. दवाखान्याच्या मागं कडुनिंबाखाली आम्ही बसलो. बराच वेळ ते जनावरांबद्दल बोलले. मग म्हणाले, “भाऊ, आमी मागून नाई राह्यलो. आमी इचारून राह्यलो.”

मी खाली पडलेली काडी उचलून मोडत राहिलो.

“आमचा हक तवाच सुटला, जवा सुनेले तुमच्या हाती देलं. थे आमाले मालूम हाये. पण बुढी रोज त्या पोरीचं काढते. घरात आमी दोघं हाओत, पुतण्याच्या पोट्ट्या हायेत खेळाले. तुमी एकटे. उद्या पोट्टी मोठी होईन, न्हातीधुती होईन, तवा कोण पाहीन तिले? आन्…” ते थांबले.

“बोला ना आबाजी.”

“तिची चाल पायली तुमी?”

मी म्हटलं, “पायली.”

“तुमाले दुखवाचं म्हणून नाई बोललो.”

“मालूम हाये,” मी म्हटलं.

सरपंचांना कळलं तेव्हा ते म्हणाले, कोर्टात जा, वकील देतो, पोर तुमच्याकडेच राहील, दोन वर्षं तुम्हीच वाढवली आहे. वहिनी तर आजोबांच्या घरी जाऊन भांडायला निघाल्या होत्या. लोक आता म्हणतात की मी मोठ्या मनानं पोर परत दिली. त्यात मोठं मन नव्हतं. मी घाबरलो होतो. ती माझ्यासारखी होईल याची भीती वाटत होती. पायाचं तर दिसलं होतं, बाकी काय काय ती माझ्याकडून उचलेल ते अजून दिसायचं होतं. माझं एकटं बसणं, माणसांत न मिसळणं. जे मला कुणी दिलं नाही ते मी तिला कुठून देणार होतो? असं मी स्वतःला सांगितलं. आणि आणखी एक खरं सांगायचं तर, शाळेच्या कागदावर माझं नाव नव्हतं. माझ्याच हट्टानं नव्हतं. त्या एका कागदासमोर माझी भांडायची ताकदच गेली.

मी आजोबांना एवढंच मागितलं की पहिली पूर्ण होऊ द्या.

ती सहा महिने राहिली. ती अक्षरं शिकली. दवाखान्यातल्या बाटल्यांवरची नावं मोठ्यानं लावून वाचायला लागली. मी दर दिवशी ठरवायचो की आज तिला सांगू आणि दर दिवशी उद्यावर टाकायचो. शाळा सोडल्याचा दाखला मागायला गेलो तेव्हा मॅडमनी अर्ज वाचला, सही केली. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “मी त्या दिवशीच म्हटलं होतं तुम्हाला.” रागानं नाही म्हणाल्या.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आजी-आजोबा न्यायला आले. मी तिला सांगितलं, “आजीकडे जायचं, सुट्टी लागली.”

“किती दिवस?”

“सुट्टीभर.”

“तू येशीन ना मले घ्याले?”

मी म्हटलं, “येतो.”

त्या वेळी शाळेचा दाखला आजोबांच्या खिशात होता. आयुष्यात मी बऱ्याच चुका केल्या, पण हे एक खोटं मला माफ करता येत नाही. तिला सांगितलं असतं तर ती रडली असती, माझ्या गळ्यात पडली असती, आणि मग मी तिला सोडलं नसतं. म्हणून मी खोटं बोललो. तिच्यासाठी नाही, स्वतःसाठी. ती खिडकीशी बसली, हात हलवला आणि लगेच आजीनं दिलेल्या फुटाण्यांकडे वळली. तिच्या दृष्टीनं ती सुट्टीवर निघाली होती.

पहिल्या पंधरवड्यात मी भेटायला गेलो. मला बघून ती आत पळाली आणि आपले कपडे पिशवीत भरून बाहेर आली. पिशवी मांडीवर घेऊन ओट्यावर बसली. मी चहा घेतला, इकडचं-तिकडचं बोललो, ती पिशवी सोडेना. गाडीची वेळ झाली तेव्हा आजीनं तिला काहीतरी सांगून मागच्या घरी नेलं आणि मी निघून आलो.

तिसऱ्या दिवशी आजोबांचा फोन आला. “भाऊ, राग मानू नका. दोन दिवस जेवली नाई. फाट्यावर जाऊन बसते. थोडे दिवस येऊ नका.”

मी म्हटलं, “नाई येत.”

किती दिवस ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. जूनमध्ये ती तिकडच्या शाळेत दुसरीत गेली. त्या पावसाळ्यात जनावरांत खुरकुताची साथ होती, आम्ही गावोगाव फिरत होतो. काम होतं ते बरं झालं. घरी आलो की वहिनी डबा आणून ठेवायच्या आणि जायच्या. त्यांच्या हाताला अजून सवय होती, दोन भाकरी मोठ्या आणि एक लहान यायची. एक दिवस ती लहान भाकर यायची बंद झाली. बहुतेक त्यांच्याच लक्षात आलं असावं.

दिवाळी होऊन गेल्यावर मी पुन्हा गेलो. ती अंगणात चार-पाच पोरींत सागरगोट्यांसारख्या बिट्ट्या खेळत होती. उंच झाली होती. मला बघून थांबली, पण धावत आली नाही. मग आत गेली आणि पाण्याचा गिलास ताटलीत ठेवून घेऊन आली. दोन्ही हातांनी ताटली पुढं धरून म्हणाली, “घ्या.”

मी पाणी घेतलं.

“बसा ना,” ती म्हणाली. “आबा वावरात गेले, येतात आता.”

कुणी तिला तसं शिकवलं असेल तर चांगलंच शिकवलं होतं. घरी पाहुणा आला की पोरीनं पाणी द्यावं, अहो-जाहो बोलावं. आजी दारात उभी होती, तिनं तोंडाला पदर लावला. मी पूर्ण गिलास प्यायलो, एका दमात, कारण मधे थांबलो असतो तर काय झालं असतं सांगता येत नाही. शाळेबद्दल विचारलं. तिनं सांगितलं की तिचा वर्गात दुसरा नंबर आहे, आणि मॅडम चांगल्या आहेत. पिशवी आणली नाही. तू मला न्यायला आला का, असंही विचारलं नाही. मी ते उत्तर वाटभर जुळवत आलो होतो, ते तसंच पोटात राहिलं.

आता ती चौथीत आहे. मी दोन-अडीच महिन्यांनी जातो. माझ्याशी चांगलं बोलते. चांगली वाढते आहे, अंगानं भरली आहे, सिकलची तपासणी केली तर तिच्यात आजार नाही निघाला. आजीचे गुडघे गेले, स्वयंपाकात ती हात लावते. तिला तिकडे सुख आहे. लोक मला विचारतात तेव्हा मी हेच सांगतो आणि त्यात काही खोटं नाही.

मागच्या वेळी ती मला सोडायला फाट्यापर्यंत आली, बरोबर तिची एक मैत्रीण होती. गाडी येईपर्यंत तिघंही रस्त्याकडे बघत उभे होतो. मैत्रीण मला पहिल्यांदाच बघत होती. गाडी आली, दार उघडलं, मी पायरीवर चांगला पाय ठेवला, तेवढ्यात मागून त्या मैत्रिणीचा आवाज आला, “हे तुहे कोण होय वं?”

मला उत्तर ऐकायचं नव्हतं. मी दांड्याला धरून घाईनं वर चढलो आणि कंडक्टरला म्हटलं, “चला, चला.” त्यानं घंटी दिली.